लिस्बनच्या पेठा, खानावळी आणि रात्री: तिथल्यांच्या चालीने कसे फिरावे?

धागा

मागच्या वर्षी कामाच्या निमित्ताने मला लिस्बनमध्ये तीन आठवडे राहावे लागले. पहिले चार दिवस मी सगळे प्रवासी करतात तेच केले. मार्तिम मोनीझ चौकात अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्रामसाठी पाऊण तास रांग लावली, बेलेमला जाऊन १८३७ सालापासून चालू असलेल्या दुकानात दालचिनी भुरभुरवलेले गरम पास्तेल (कस्टर्ड भरलेली पेस्ट्री) खाल्ले, आणि रोज संध्याकाळी सात वाजता जेवायला बसलो तेव्हा आजूबाजूला माझ्यासारखेच परदेशी दिसले. पाचव्या दिवशी घरमालकीणबाईंनी मला जिन्यात गाठून, तुमची तब्येत बरी नाही का, असे विचारले. इतक्या लवकर जेवायला निघणारा माणूस त्यांच्या मते एक तर आजारी असतो किंवा पहाटेच्या पाळीचा.

तेव्हापासून मी ठिकाणांची यादी खिशात ठेवली आणि घड्याळाकडे लक्ष दिले. कोणती खानावळ चांगली, कोणत्या कट्ट्यावरून सूर्यास्त छान दिसतो, हे एव्हाना सगळ्यांनाच ठाऊक असते. ती जागा तिथले लोक नेमकी कोणत्या वेळी वापरतात, हे मात्र कोणी सांगत नाही. ग्रासा टेकडीवरच्या कट्ट्यावर (अशा कट्ट्यांना तिकडे ‘मिरादोरो’ म्हणतात) संध्याकाळी कॅमेऱ्यांची दाटी असते आणि सकाळी नऊला त्याच बाकांवर पेठेतले म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. मी दुसऱ्या आठवड्यापासून सकाळची वेळ धरली आणि चौथ्या दिवशी त्यांतल्या एकाने सरकून मला जागा दिली.

माझा मुक्काम ग्रासा भागातच होता. कारखान्यांतील कामगारांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बांधलेल्या वसाहती तिथे आजही वापरात आहेत आणि त्यांना ‘विला’ म्हणतात. हा शब्द ऐकून आलिशान बंगला डोळ्यांसमोर आणू नये. विला बेर्ता पाहिली तेव्हा मला आपली चाळच आठवली: समोरासमोर घरांच्या ओळी, लोखंडी सज्जे, मधली अरुंद वाट, आणि या सज्जातून त्या सज्जात चाललेले बोलणे. फरक एवढाच की प्रत्येक दारापुढे वावभर बाग आहे.

आणखी एक गंमत म्हणजे भाषा येत नसूनही बाजारात माझे फारसे अडले नाही. बटाटा, काजू, अननस, साबण, चावी, पगार हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आलेले असल्यामुळे ते तिथे थोड्या वेगळ्या उच्चारात भेटतात आणि पाव तर रोजच भेटतो. ज्या घराण्याच्या राजकन्येच्या लग्नात १६६१ च्या तहाने मुंबईची बेटे इंग्रजांना आंदण गेली, त्याचे हे शहर; तेव्हा ओळख जुनीच आहे म्हणायची.

जाणकारांनी खाण्याविषयी, रात्रीच्या फिरण्याविषयी आणि विशेषतः चुका टाळण्याविषयी लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी सहा वर्षांपासून लिस्बनमध्ये नोकरी करते. वेळेचा मुद्दा तुम्ही अचूक पकडला आहे, म्हणून त्यालाच धरून खाण्याविषयी लिहिते.

या शहराचे खरे जेवण दुपारचे. साडेबारा ते अडीच या वेळेत ‘तास्का’ म्हणजे साध्या, घरगुती खानावळी भरतात. दाराच्या काचेवर कागदी टेबलपोसाचा तुकडा चिकटवलेला असतो आणि त्यावर हाताने त्या दिवशीचे दोन-तीन पदार्थ लिहिलेले असतात. त्यालाच ‘प्रातो दो दिया’ म्हणतात. ज्या दारावर पाच भाषांतील छापील फलक आणि पदार्थांची रंगीत छायाचित्रे आहेत तिथे शिरू नये, आणि ज्या कागदावरचे अक्षर लागत नाही तिथे बेलाशक शिरावे. अर्धी वाढणी, म्हणजे ‘मेया दोझ’, मागितली तर एका माणसाचे पोट सहज भरते. पूर्ण वाढणी बहुधा दोघांना पुरते.

काय मागवावे? खारवून वाळवलेला कॉड मासा, म्हणजे बाकल्याव, हा त्यांचा जीव की प्राण आहे, आणि मौज अशी की तो त्यांच्या समुद्रात मिळतच नाही. शतकानुशतके तो उत्तरेकडच्या थंड समुद्रांतून येत आला आहे. दुकानात तो फळीसारखा कडक उभा रचून ठेवलेला असतो आणि आत शिरताच आपल्या सुकटाच्या बाजाराची आठवण करून देतो. घरी आणला की दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. त्याच्या धाग्यांसारख्या तुकड्यांत तळलेल्या बटाट्याचा कीस आणि अंडे मिसळून केलेला ‘आ ब्राझ’ हा प्रकार नवख्या माणसाने आधी खावा. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, आवडणाऱ्यांनी ‘आमेज्वाश आ बुल्याव पातो’ चुकवू नये. लसूण, ऑलिव्हचे तेल, लिंबू आणि मूठभर कोथिंबीर, एवढ्यातच त्या तिसऱ्या वाफवलेल्या असतात. युरोपात इतक्या मोकळ्या हाताने कोथिंबीर घालणारे लोक मी दुसरे पाहिले नाहीत. ताटलीत उरलेला रस पावाने टिपून घेतात आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही.

आता चूक, आणि ती माझी स्वतःची. पहिल्याच आठवड्यात एका खानावळीत बसताक्षणी पाव, ऑलिव्ह, चीज आणि माशाची पेस्ट न मागता समोर आली. आपल्याकडे कांदा-लिंबू येतो तसेच हे असावे, असे समजून आम्ही तिघींनी ते आनंदाने संपवले. बिल आले तेव्हा त्या चार बशांचे पैसे जेवणाच्या जवळपास निम्मे झाले होते. याला ‘कुव्हेर’ म्हणतात. तुम्ही मागवले नसेल आणि त्याला हात लावला नसेल तर कायद्याने त्याचे पैसे घेता येत नाहीत; नको असल्यास आल्याआल्या परत न्यायला सांगावे, कोणी वाईट वाटून घेत नाही.

कॉफीविषयी इतकेच सांगते की ती गल्ल्याजवळ उभ्याने प्यावी. ‘उमा बीका’ म्हटले की लहान कपात कडक कॉफी येते, ती तीन घोटांत संपते आणि उभ्याचा दर बाहेरच्या खुर्चीपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी असतो. त्याच काचेच्या कपाटात तुम्हाला ‘शामुसा’ दिसेल. तो आपला समोसाच आहे, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेने तिथे पोहोचलेला.

प्रतिसाद २

माहितीपूर्ण धागा. आम्ही दोघे शाकाहारी आहोत, अंडे चालते. वरचे सर्व वाचून पोटात गोळा आला. आम्ही तिथे पावावरच दिवस काढायचे का?

प्रतिसाद ३

वरील सभासदांसाठी: पूर्वीइतकी अडचण आता राहिलेली नाही, पण सावध राहावे लागते. ‘काल्दो व्हेर्द’ हे हिरव्या पाल्याचे सूप दिसायला निरुपद्रवी असते आणि तळाशी डुकराच्या सॉसेजची चकती निघते. भाजी मागितली तर उकडलेले बटाटे आणि कोबी मिळेल.

तुमच्यासाठी खरा पदार्थ म्हणजे ‘पेइशिन्योश दा ओर्ता’. नावाचा अर्थ ‘परसातले लहान मासे’ असा असला तरी त्यात मासा नसतो. श्रावणघेवड्याच्या अख्ख्या शेंगा पिठात बुडवून तळतात, म्हणजे सरळ भजीच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ही तळण्याची रीत जपानला नेली आणि तिथे तिचा तेंपुरा झाला. घेवड्याच्या शेंगेने एवढा प्रवास केला असेल, असे ती खाताना वाटत नाही.

त्याशिवाय मोरारिया भागात जा. ११४७ साली शहर जिंकल्यानंतर उरलेल्या मूर लोकांना तटाबाहेर जी जागा दिली ती ही पेठ. आज तिथे बांगलादेशी, भारतीय, नेपाळी आणि चिनी दुकाने एकमेकांना खेटून आहेत. मार्तिम मोनीझ चौकाजवळ डाळी, मसाले, तांदूळ सगळे मिळते आणि वरणभातही मिळतो. काही जण म्हणतील की लिस्बनला जाऊन वरणभात कसला खायचा. पण त्या गल्लीत राहणाऱ्याचे रोजचे जेवण तेच आहे, म्हणून मी तरी त्याला स्थानिकच मानतो.

प्रतिसाद ४

रात्रीचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. मी तिथे दोन वर्षे शिकायला होतो आणि अभ्यासाइतक्याच निष्ठेने हा विषयही केला.

रात्रीचे जेवण साडेआठ-नऊला. त्यानंतर बायरो आल्तो. दिवसा तुम्ही या पेठेतून गेलात तर बंद दारे आणि वाळत घातलेले कपडे यांखेरीज काही दिसणार नाही, आणि अकरा वाजून गेल्यावर त्याच गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बार इतके लहान असतात की आत फक्त पेला भरून घ्यायचा आणि रस्त्यावर उभे राहून प्यायचा. बिअरचा लहान पेला हवा असेल तर ‘इंपेरियाल’ म्हणावे. पोर्तूमध्ये त्यालाच ‘फीनो’ म्हणतात, आणि लिस्बनमध्ये फीनो मागितला की समोरचा हसतो. दोनच्या सुमारास, आठवड्याच्या शेवटी तीनच्या सुमारास, दारे बंद होऊ लागतात आणि सगळी गर्दी उतारावरून पाण्यासारखी खाली काईश दो सोद्रेकडे वाहते.

काईश दो सोद्रे हा पूर्वी खलाशांचा धक्का होता. तिथल्या बारांना जमैका, टोकियो, ऑस्लो अशी बंदरांची व देशांची नावे होती, म्हणजे प्रत्येक जहाजाच्या माणसाला आपले दार ओळखू यावे. त्या रस्त्याची फरसबंदी आता गुलाबी रंगवलेली आहे आणि छायाचित्रांत तीच दिसते. खरे सांगायचे तर मला तो रंग दिखाऊ वाटतो. नावांच्या जुन्या पाट्या मात्र अजूनही वाचाव्यात. नाचायला जाणारे लोक त्यानंतर, म्हणजे दोन-तीनला, नदीकाठच्या क्लबांकडे वळतात. त्याआधी गेलात तर रिकाम्या जागेत दिवे पाहत बसाल.

घरी परतण्याचे गणित आधी करावे. मेट्रो रात्री एकला थांबते आणि सकाळी साडेसहाला सुरू होते. मधल्या वेळेत काईश दो सोद्रेहून रात्रीच्या बस निघतात.

दोन इशारे. बायशा भागात संध्याकाळी तुमच्या कानाशी येऊन कोणी चरस हवा का असे कुजबुजले तर मान हलवून पुढे जावे. ते बहुधा दाबून वडी केलेले तमालपत्र असते, आणि माल खोटा असल्याने अमली पदार्थांचा गुन्हाही लागत नाही, म्हणून ते इतके निर्धास्त असतात. दुसरा इशारा पायताणाचा आहे. फरसबंदी चुनखडीच्या लहान तुकड्यांची असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी घासून तिला साबणासारखा गुळगुळीतपणा आला आहे. पाऊस पडून गेल्यावर चामडी तळव्याचे बूट घालून उतार उतरू नये. मी उतरलो होतो, आणि उरलेला उतार बसून पार केला.

प्रतिसाद ५

फादो या तिथल्या गाण्याच्या प्रकाराविषयी एक शब्दही नसावा याचे आश्चर्य वाटले.

आल्फामा या जुन्या पेठेत जेवणासह फादो ऐकवणारी घरे रांगेने आहेत आणि काही फार चांगलीही आहेत, परंतु मला जास्त जवळचा वाटला तो ‘फादो वादियो’, म्हणजे हौशी लोकांचा फादो. लहानशा खोलीत बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसे, कोपऱ्यात बारा तारांचे पोर्तुगीज गिटार आणि एक साधे गिटार, आणि गाणारा कोणीही: स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली बाई, टॅक्सी बाहेर लावून आलेला चालक. मी गेलो त्या रात्री एक साठीची बाई उठली, तिने खांद्यावर काळी शाल ओढली, दिवे मंद झाले आणि वाढपी हातात ताटल्या घेऊन होता तिथेच थांबला. गाणे संपेपर्यंत त्याने एक पाऊल टाकले नाही. शेजारच्या टेबलावर कोणी तरी कुजबुजले तेव्हा अख्खी खोली वळून पाहू लागली.

आपल्या बैठकीत मध्येच दाद देण्याची रीत आहे. इथे नवख्याने मौन पाळावे आणि भावना टाळ्यांसाठी राखून ठेवाव्यात. चित्रफीत काढणे तर अगदीच असभ्य मानले जाते. युनेस्कोने २०११ मध्ये फादोला मानवी वारशाच्या यादीत घेतले, त्यानंतर श्रोते वाढले आणि शांतता कमी झाली, असे जुने गायक म्हणतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दहानंतर जावे, एक पेला घेऊन बसावे आणि शब्द कळले नाहीत तरी घाई करू नये.

प्रतिसाद ६

धाग्याच्या मूळ कल्पनेलाच माझी हरकत आहे. तीन आठवडे भाड्याच्या खोलीत राहून कोणी स्थानिक होत नाही. उलट अशा खोल्यांमुळेच आल्फामा आणि मोरारियातील जुनी कुटुंबे बाहेर फेकली गेली. परिस्थिती इतकी बिघडली की २०१८ मध्ये नगरपालिकेला बायरो आल्तो, माद्रागोआ, कास्तेलो, आल्फामा आणि मोरारिया या भागांत पर्यटकांच्या घरांची नवी नोंदणी थांबवावी लागली. बायरो आल्तोच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत उभे राहून पिणाऱ्यांच्या डोक्यावर कोणाची तरी झोपायची खोली असते, हे प्रतिसाद चारच्या लेखकांनी लक्षात घेतले असते तर बरे झाले असते.

प्रतिसाद ७ (धागाकर्ता)

आपली हरकत मला मान्य आहे आणि तिचा चटका मला बसलाही. माझ्या घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात आणि एकच खोली भाड्याने देतात. तरीही त्यांच्या खालची तीन घरे पूर्णपणे पर्यटकांची आहेत, आणि जिन्यात रात्री दोनला चाकांच्या बॅगा आपटण्याचा आवाज मीही ऐकला आहे. म्हणून माझ्यापुरते ठरवले की पुढच्या वेळी या पाच पेठांत उतरायचे नाही. रात्रीला माणशी चार युरो पर्यटक कर सप्टेंबर २०२४ पासून आहेच, पण त्याने कोणाचे घर परत मिळत नाही.

प्रतिसाद ८

सोबत सत्तरीचे आईवडील असतील तर काय करावे? शहर सात टेकड्यांवर आहे म्हणतात आणि वडिलांचे गुडघे एकाही टेकडीचे नाहीत.

प्रतिसाद ९

(प्रतिसाद १ ची लेखिका) त्यांना कांपो द ओरीकला उतरवा. ही पेठ पठारावर आहे, रस्ते काटकोनात आणि सपाट, मध्ये जुनी मंडई आणि चोहोकडे बेकऱ्या. रविवारी सकाळी तिथे तीन-तीन पिढ्या एका टेबलावर बसलेल्या दिसतात. अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम इथेच प्राझेरेश थांब्यावर संपते, त्यामुळे सकाळी लवकर या टोकाकडून चढलात तर खिडकीजवळची जागा मिळते. प्राझेरेश म्हणजे सुखे, आणि थांब्यासमोर आहे दफनभूमी.

चढ टाळण्याच्या दोन युक्त्या आहेत. बायशा-शियादो मेट्रो स्थानकाचे सरकते जिने खालच्या बाजाराला वरच्या शियादोशी जोडतात. सांता जुश्ताच्या १९०२ मधील लोखंडी लिफ्टसमोर पर्यटक रांगेत ताटकळत असत तेव्हा तिथले लोक या जिन्यांनी वर गेलेले असत. किल्ल्याकडे जायचे तर फांकेइरोश रस्त्यावरच्या एका इमारतीत फुकट सार्वजनिक लिफ्ट आहे. उतारावरच्या केबल-ट्रामवर मात्र विसंबू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया या केबल-ट्रामची गाडी घसरून १६ माणसे गेली. त्यानंतर तो विषय निघाला की शहर अजूनही आवाज खाली आणते.

आणि वडिलांना संध्याकाळी कासिल्याशच्या बोटीत बसवा. काईश दो सोद्रेहून दहा मिनिटांत ती तेजो नदी ओलांडते, मेट्रोचेच कार्ड चालते आणि सोबत कामावरून घरी चाललेली माणसे असतात. पलीकडे मासळीच्या खानावळी आहेत. सोमवारी मात्र तिथले लोक मासे टाळतात, कारण रविवारी बोटी गेलेल्या नसतात. परतताना १९६६ च्या लोखंडी पुलाकडे कान द्या. जाळीवरून जाणाऱ्या गाड्यांचा मधमाश्यांसारखा एकसुरी गुंजारव पाण्यापर्यंत ऐकू येतो.

प्रतिसाद १०

जूनमध्ये जाता येत असेल तर १२ तारखेची रात्र सोडू नका. सेंट अँथनीच्या सणाची ही पूर्वसंध्या, आणि १३ जूनला शहराला सुट्टी असते. आल्फामा, ग्रासा, बिका या पेठांतील लोक आपापल्या दारापुढे शेगडी मांडतात आणि सार्डिन भाजून पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. काटाचमचा मागू नये. पाव खालून माशाचे तेल पीत असतो आणि मासा संपल्यावर तोच पाव खाण्याची मजा आहे.

याच दिवसांत सगळीकडे ‘मांजेरीको’ची लहान कुंडी विकतात. तुळशीच्याच कुळातले हे गोल, दाट झुडूप असते, त्यात कागदी फूल आणि चार ओळींचे प्रेमाचे कवन खोचलेले. नाव ऐकून आपल्याला मंजिरी आठवते, पण संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. त्याला नाक लावून वास घ्यायचा नसतो, रोप मरते असा समज आहे. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. मी नाक लावले तेव्हा कुंडी विकणाऱ्या आजींनी माझा कान धरायचेच बाकी ठेवले होते.

प्रतिसाद ११

आमची तिकिटे नोव्हेंबरची आहेत. म्हणजे सार्डिनही नाही आणि मांजेरीकोही नाही?

प्रतिसाद १२

(प्रतिसाद १ ची लेखिका) दोन्ही नाहीत, पण चेस्टनट आहेत. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो. नाक्यानाक्यावर धूर सोडणाऱ्या हातगाड्या उभ्या राहतात, जाड्या मिठात भाजल्यामुळे सालांवर राखेसारखा पांढरा थर चढलेला असतो आणि कागदात गुंडाळून ते डझनावर देतात. धूर दिसला की त्या दिशेने चालू लागा. आणि छत्री घेऊन या. प्रतिसाद चारमधील बुटांचा सल्ला नोव्हेंबरात दुप्पट लागू होतो.